ठोका जागेवर आल्यानंतर

हृदयाच्या आतला कणभर भाग मुद्दाम जाळायचा आणि बिघडलेला ठोका जागेवर आणायचा, या उपचाराला ॲब्लेशन म्हणतात. माझ्यावर तो झाला तेव्हा मला निवृत्त होऊन काही वर्षं लोटली होती. नोकरी सांगलीकडच्या सरकारी रुग्णालयांत, ईसीजी तंत्रज्ञाची. छातीला जेली लावायची, रबरी बल्ब दाबून सहा कप चिकटवायचे, हातापायांना चिमटे लावायचे आणि मशीनमधून सरकत आलेली पट्टी कापून केस पेपरला डकवायची. जेली संपली असली तर मिठाच्या पाण्यात बुडवलेला कापूस चालायचा. उष्णतेने उमटणारा तो कागद उन्हात राहिला की फिकट होत जातो, म्हणून महत्त्वाच्या पट्ट्यांची झेरॉक्स काढून ठेवायची सवय मला लागली होती. अनियमित ठोक्याची पट्टी आली की तीस मोठे चौकोन मोजायचे आणि त्यातल्या ठोक्यांना दहाने गुणायचं; सहा सेकंदांवरून मिनिटाचा हिशोब निघतो.

माझा आजार एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात, आणि खालच्या कप्प्यांपर्यंत वेळीअवेळी कसेही संदेश जातात. गोळ्यांनी भागेना तेव्हा पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात जांघेतल्या शिरेतून तारा वर नेऊन ॲब्लेशन केलं. घरी आले ती नियमित पट्टी घेऊनच. प्रत्येक ठोक्याआधी वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची पी लाट, अंतरं सारखी, नाव ठेवायला जागा नाही. आणि तरी पुढचे कित्येक आठवडे मी आजारी होते. जांघेपासून मांडीवर खाली काळंनिळं पसरलं होतं. दीर्घ श्वास घेतला की छातीत टोचायचं, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं. अर्धी भाकरी खाल्ली की पोट तुडुंब. स्वस्थ बसलेली असताना पूर्वी पासष्टच्या आसपास असणारी नाडी पंच्याऐंशीच्या खाली उतरेना. एका दुपारी पेपर वाचत होते, तर नजरेच्या उजव्या कडेला चमकत्या नागमोडी रेघा सरकायला लागल्या, अक्षरं दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळाने सगळं पूर्ववत झालं.

डिस्चार्ज कार्डावर यातलं काहीही नव्हतं. उपचार यशस्वी झाल्याची एक ओळ, गोळ्यांची नावं आणि पुन्हा दाखवायला यायची तारीख. सून म्हणाली, "आई, रिपोर्ट चांगला आलाय ना? मग होईल हळूहळू." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण माझं समाधान होईना. जन्मभर पट्ट्याच पाहिलेल्या बाईला पट्टीच्या बाहेर काय चाललंय हे समजून घ्यायचं होतं, म्हणून मी वाचायला बसले. वाचता वाचता ध्यानात आलं, की माझ्या बहुतेक तक्रारींना एकेक सन आहे. कुठल्यातरी गावात कुणीतरी रुग्णाने ती तक्रार सांगितली, आणि कुणीतरी डॉक्टरने ती मनावर घेऊन लिहून ठेवली. या उपचाराचा इतिहास एरवी यंत्रांच्या अंगाने सांगतात. मला तो सांगणाऱ्यांच्या आणि लिहून ठेवणाऱ्यांच्या अंगाने सांगायचा आहे.

सुरुवात इंग्लंडातल्या बर्नली या गिरणगावापासून करते. जेम्स मॅकेन्झी १८७९मध्ये तिथे डॉक्टर म्हणून गेला. मोठ्या रुग्णालयातला तज्ज्ञ नव्हे, घरोघरी जाणारा फॅमिली डॉक्टर. गिरणी कामगारांच्या घरची बाळंतपणं करताना हृदयविकाराची एक तरुण बाई त्याच्या डोळ्यांदेखत दगावली, आणि कोणतं हृदय बाळंतपण सोसेल, कोणतं नाही, हे आधी कसं ओळखायचं, या प्रश्नाने त्याला धरलं. तो मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उतरवायला लागला. जवळच्या पॅडिहॅम गावातल्या सेबॅस्टियन शॉ या घड्याळजीकडून त्याने शाईने रेघा ओढणारं एक छोटं यंत्र करून घेतलं. पेशंटच्या घरी नेता येईल असं. पण त्याचं खरं भांडवल वेगळं होतं: तेच पेशंट त्याच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं राहत. संधिवाताच्या तापाने झडप आकुंचलेली एक बाई तो १८८०च्या सुमारापासून पाहत होता. त्या शतकाच्या शेवटी तिची नाडी एकदम बेताल झाली, आणि मानेच्या शिरेच्या नोंदीतली, वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची लाट नाहीशी झाली. वरचा कप्पा काम करायचा थांबला, हे मॅकेन्झीने त्यावरून ताडलं. तो थांबलेला नसून थरथरतो आहे, हे १९०९मध्ये लंडनच्या टॉमस लुईसने ईसीजीवरून दाखवलं.

मधल्या काळात हॉलंडमधल्या लायडनला विलेम आइन्थोवेनने ईसीजीचं यंत्र तयार केलं होतं. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं, आणि पेशंटचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत. आमचा मिठाच्या पाण्याचा कापूस तिथून आलेला आहे. १९०६च्या त्याच्या लेखात फिब्रिलेशनची पट्टी छापलेली आहे, आणि ती मी आजही कुणाही नव्या तंत्रज्ञाला दाखवली तरी तो एका नजरेत ओळखेल. १९२४मध्ये आइन्थोवेनला नोबेल मिळालं. यंत्र जिंकलं, आणि ते योग्यच झालं. मॅकेन्झी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की पेशंटला काय वाटतं याचा अभ्यास मागे पडू देऊ नका. त्यासाठी १९१९मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला जाऊन त्याने आजाराच्या अगदी पहिल्या तक्रारींचा अभ्यास करणारी संस्था काढली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा माणूस तोच वाटतो.

औषधांच्या बाबतीतही तेच दिसतं. डिजिटॅलिसच्या पानांवरचं आपलं पुस्तक विल्यम विदरिंगने १७८५मध्ये छापलं, तेव्हाच त्याने लिहून ठेवलं होतं की औषध जास्त झालं तर मळमळतं आणि वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात. आमच्याकडे संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या तरुण बायका फार. खेड्यापाड्यांतून यायच्या, डिजिटॅलिसपासूनच मिळणाऱ्या डिगॉक्सिनची गोळी कायमची. अशाच एका बाईची पट्टी एकदा घड्याळासारखी नियमित आली. बरोबरचा नवरा खूश झाला. तीच हळू आवाजात म्हणाली, "सिस्टर, पट्टी चांगली आली म्हनतासा, मग मला समदं पिवळं का दिसतंय? अन्न बघितलं की उमळतंय." मी पट्टी पुन्हा पाहिली. ठोके नियमित होते, पण पी लाट कुठेच नव्हती. वरचे कप्पे अजून थरथरतच होते. गोळी जास्त झाल्यामुळे वरून खाली जाणारा संदेश पूर्ण अडला होता आणि खालचे कप्पे स्वतःच्या संथ गतीने चालले होते. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि तिला दाखल करून घेतलं. त्या पट्टीचा अर्थ तिच्या एका वाक्यामुळे लागला.

क्विनिनची गोष्टही अशीच. १९१२मध्ये कारेल वेंकेबाख या डच डॉक्टरकडे एक व्यापारी आला आणि म्हणाला, माझा ठोका बिघडला की मी क्विनिन घेतो, दुसऱ्या दिवशी तो सुधारलेला असतो. हिवतापाच्या मुलखात फिरणारा माणूस. क्विनिन त्याच्या खिशात असायचंच. डॉक्टरचा विश्वास बसेना, तर दुसऱ्या दिवशी नियमित नाडी घेऊन तो पुन्हा हजर झाला. वेंकेबाखने १९१४मध्ये हे प्रसिद्ध केलं, आणि १९१८मध्ये वॉल्टर फ्राय याने त्याच सिंकोना सालीतलं क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचं दाखवलं. पुढची कित्येक दशकं ते औषध वापरात होतं.

आता तारांकडे वळते. १९३०मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी अकरा पेशंटांची हकिगत छापली. तरुण, एरवी धडधाकट माणसं, मध्येच ठोका बेफाम पळायचा. या लोकांच्या हृदयात वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये नेहमीच्या वाटेखेरीज एक चोरवाट असते. ती कापून टाकली तर? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यचिकित्सकाने १९६८मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराची छाती उघडून ती कापली आणि त्याचा आजार गेला. एखाद्या बिघडलेल्या ठोक्याचा कायमचा बंदोबस्त करता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पण केसाएवढ्या वाटेसाठी छातीचं हाड कापायचं, ही किंमत फार होती.

छाती न उघडता आत पोचायची वाट अपघाताने सापडली. पॅरिसमध्ये एका पेशंटच्या हृदयात तारा घालून तपासणी चालू असताना ठोका बिघडला आणि बाहेरून डीसी शॉक द्यावा लागला. आतल्या एका तारेचं टोक वरून खाली संदेश नेणाऱ्या हिसच्या जुडग्याला टेकलेलं होतं. शॉकची वीज त्या तारेत शिरली आणि जुडगा कायमचा निकामी झाला. डॉक्टरांच्या हातून इजा झाली होती. वेदेल, फ्रँक, फाँतेन आणि सहकाऱ्यांनी ती झाकून ठेवली नाही. १९७९मध्ये फ्रेंच नियतकालिकात सविस्तर छापली. वैद्यकाच्या इतिहासातली ही एक अत्यंत प्रामाणिक कृती आहे असं मला मनापासून वाटतं. ती छापली गेली नसती तर पुढचं काहीच इतक्या लवकर घडलं नसतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मेल्विन शाइनमन याच प्रश्नावर काम करत होता. गोळ्यांना दाद न देणारे, फिब्रिलेशनने थकून गेलेले पेशंट त्याच्याकडे होते. पॅरिसला चुकून जे झालं ते मुद्दाम करता येईल का, याचे प्रयोग त्याने आणि रोलँडो गोन्झालेझने आधी कुत्र्यांवर केले. १९८१मध्ये पहिल्या माणसावर ते केलं. पेशंटला भूल द्यायची, शिरेतून तार हिसच्या जुडग्यापाशी न्यायची, डिफिब्रिलेटर त्या तारेला जोडायचा आणि शॉक सोडायचा. १९८२मध्ये पहिल्या पाच पेशंटांचा वृत्तांत छापून आला. त्याच वर्षी ड्यूकच्या जॉन गॅलाघर आणि मंडळींनीही आपला अनुभव छापला.

कॅज्युअल्टीतल्या डीसी शॉकच्या मशीनशेजारी मी पुष्कळदा उभी राहिले आहे. बाहेरून दिलेल्या शॉकने माणूस गादीवरून उचलला जातो. तीच वीज हृदयाच्या आत एका टोकाशी सोडायची म्हणजे काय होत असेल, याची कल्पना मला करता येते. टोकाशी ठिणगी पडून वायूचा बुडबुडा तयार व्हायचा, तो फुटताना दाबाची लाट उठायची, आणि पातळ जागी हृदयाची भिंत फाटण्याची भीती असायची. आणि यशस्वी झालेल्या पेशंटलाही पेसमेकर जन्मभराचा. वरचे कप्पे थरथरतच राहायचे, फक्त त्यांचा गोंधळ खाली पोचत नसे. तरीही त्या माणसांना जिना चढता यायला लागला, झोप लागायला लागली. त्यांच्या दृष्टीने सौदा फायद्याचा होता.

पुढचा टप्पा ऑपरेशन थिएटरमधून आला. थिएटरमधली माणसं जिला कॉटरी म्हणतात, ती रेडिओ लहरींच्या वारंवारतेची वीज. १९२६मध्ये बॉस्टनला हार्वी कुशिंगने विल्यम बोव्हीचं यंत्र वापरून डोक्यातली गाठ काढली तेव्हापासून ती शल्यक्रियेत रुळलेली होती. १९८५च्या सुमारास स्टीफन हुआंगने कुत्र्यांवर, आणि १९८७मध्ये जर्मनीत मार्टिन बोर्गग्रेफ आणि सहकाऱ्यांनी माणसावर तीच वीज तारेच्या टोकातून वापरून पाहिली. यात स्फोट नाही, स्नायूला झटका नाही. टोकालगतचा भाग पन्नास अंश सेल्सिअसच्या वर तापला की तिथल्या पेशी मरतात आणि काही आठवड्यांत जागेवर वण तयार होतो. १९९१मध्ये ओक्लाहोमाच्या वॉरन जॅकमनने चोरवाट असलेल्या १६६ पेशंटांचा वृत्तांत दिला. १६४ जणांची वाट बंद झाली होती. इतकं यश हृदयविकाराच्या उपचारांत क्वचितच दिसतं. बहुतेक जण काही दिवसांत कामावर. ॲब्लेशन म्हणजे दोन दिवसांचं काम, हा समज तेव्हापासून पसरला आणि त्या आजारापुरता तो बराचसा खराही आहे.

फिब्रिलेशन मात्र चोरवाटेचा आजार नाही. त्याचा उगम कुठे, हेच माहीत नव्हतं. जेम्स कॉक्सने १९८७मध्ये सेंट लुईसला वरच्या कप्प्यांत चक्रव्यूहासारखे काप घेऊन ते टाके घालून शिवून टाकायची शस्त्रक्रिया केली, म्हणजे थरथर पसरायला सलग जागाच मिळू नये. पण उगमाचं कोडं १९९८मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे सुटलं. मिशेल हायसागेर आणि त्याचे सहकारी झटके सुरू होण्याच्या क्षणाची वाट पाहत तारा घेऊन बसले. पंचेचाळीस पेशंटांत सुरुवातीच्या ठोक्यांची एकोणसत्तर ठिकाणं सापडली, त्यातली पासष्ट फुप्फुसांकडून वरच्या डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या आत, दोन ते चार सेंटिमीटर खोल. हृदयाच्या स्नायूची एक पातळ बाही या शिरांमध्ये शिरलेली असते, ती मध्येच स्वतःहून ठिणग्या टाकते. माझी सगळी वर्षं ज्या थरथरीच्या पट्ट्या काढण्यात गेली, तिचा उगम हृदयाच्या उंबरठ्याबाहेर निघाला, हे वाचताना मला अजून नवल वाटतं.

पण डाव्या कप्प्यात तार न्यायची तर मधला पडदा सुईने टोचून पलीकडे जावं लागतं. ही विद्या जॉन रॉस यांनी १९५९मध्ये अमेरिकेत दाखवली होती, आणि आपल्याकडे ती चांगलीच मुरलेली होती. त्याचं कारण पुन्हा त्या संधिवाताच्या तापाच्या बायका. जपानच्या कांजी इनोउए यांचा फुगा वापरून आकुंचलेली झडप उघडायची, तर हाच पडदा टोचावा लागतो, आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ते काम वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. गरिबीच्या आजारावर कमावलेलं कसब पुढे दुसऱ्याच आजाराच्या उपयोगी पडलं.

इथून पुढचा इतिहास माझ्या अंगावर लिहिलेला आहे. सुरुवातीला बोर्दोची पद्धत पाहून जगभर शिरांच्या आत खोलवर जाळायला लागले. काही महिन्यांनी काही पेशंट धाप, खोकला आणि थुंकीतून रक्त घेऊन परत यायला लागले. कुणावर न्यूमोनियाचे उपचार झाले, कुणावर दम्याचे. जळालेली शीर वण धरून आकसली होती. १९९८पासूनच अशा हकिगती छापून येत गेल्या, आणि त्यांच्यामुळे पद्धत बदलली: शिरेच्या आत जायचं नाही, तोंडाबाहेर कडं करायचं. माझ्या शिरा शाबूत राहिल्या त्या त्या पेशंटांमुळे. आपल्याकडे थुंकीतून रक्त आलं की पहिला संशय क्षयाचा येतो, हे लक्षात घेतलं तर ॲब्लेशन झाल्याचं सांगणं किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

छातीतलं टोचणं सगळ्यांत सामान्य. हृदयाच्या बाहेरच्या आवरणाला सूज येते आणि ती काही दिवसांत ओसरते. पोटाचं कोडं २००५मध्ये उलगडलं. दिपेन शाह आणि सहकाऱ्यांनी ॲब्लेशननंतर पोट फुगलेल्या, जेवण जात नसलेल्या चार पेशंटांची हकिगत लिहिली. डाव्या कप्प्याच्या पाठीला लागूनच अन्ननलिका आहे आणि तिच्या अंगावरून व्हेगस नसेच्या फांद्या जठराकडे जातात. त्यांना उष्णतेची झळ लागली की जठर सुस्तावतं. मी थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला लागले. मऊ भात, ताक, मुगाचं वरण. काही महिन्यांनी भाकरी पूर्वीसारखी जायला लागली.

नाडीचं मूळही त्याच नसेच्या वाटेवर निघालं. फुप्फुसांच्या शिरांच्या तोंडाशी हृदयाच्या बाहेरच्या अंगाला नसांच्या गाठी असतात; ठोक्याला लगाम घालणारे धागे त्यांच्यातून जातात. कडं करताना त्यातल्या काही जळतात. कार्लो पापोने यांच्या मिलानच्या गटाने २००४मध्ये या गाठींविषयी लिहिलं, आणि ज्यांच्या त्या जळाल्या त्यांच्यात फिब्रिलेशन परत यायचं प्रमाण कमी दिसलं, असंही. हे वाचून मला खूप हायसं वाटलं. माझी वाढलेली नाडी बिघाडाची खूण नव्हती. बऱ्याच जणांची ती वर्षभरात खाली येते, काहींची थोडी चढीच राहते. माझी आजही पूर्वीपेक्षा थोडी जास्त आहे, आणि मला तिचं भय वाटत नाही.

डोळ्यांपुढच्या रेघा हा त्या टोचलेल्या पडद्याचा परिणाम असावा असं मला डॉक्टरांनी सांगितलं. भोक बुजायला काही आठवडे ते महिने लागतात, आणि त्या काळात काही जणांना डोकं न दुखताही अर्धशिशीसारखे प्रकाश दिसतात. पण पक्षाघाताची सुरुवातही अशीच दिसू शकते, म्हणून त्यांनी आधी मेंदूचा एमआरआय करून घेतला. असं काही दिसलं तर घरी बसून वाट पाहू नये. रक्त पातळ करणारी गोळी निदान दोन-तीन महिने एकही दिवस चुकवायची नसते ती याच भीतीपोटी. जांघेतल्या काळ्यानिळ्या डागाचं माप पेनाने कडा आखून ठेवावं. डाग रंग बदलत ओसरला तर ठीक. तिथे धडधडणारी गाठ लागली तर सोनोग्राफी करून घ्यायची.

आणि थरथर परत येणं. मलाही दुसऱ्या महिन्यात ती आली, आणि पैसे, श्रम, सगळं वाया गेलं असं वाटून मी रात्रभर जागी राहिले. २००७च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निवेदनात पहिले तीन महिने हिशोबात धरू नयेत असं ठरवलेलं आहे. सुजेमुळे तेवढ्या काळात ठोका बिघडू शकतो. २०२४च्या नव्या निवेदनाने ही मुदत आठ आठवड्यांवर आणली, कारण त्यानंतर आलेले झटके बहुतेकदा टिकतात असं दिसून आलं. माझी थरथर गेली ती अजून आलेली नाही.

आता गोठवणारा फुगा आला; त्यात श्वासपटलाची नस दुखावू शकते, ती बहुधा काही महिन्यांत सावरते. त्याहून नवी स्पंदित विजेची पद्धत अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये मान्य झाली. तिच्यात उष्णता जवळजवळ नाही, अन्ननलिका आणि नसा बचावतात. पण हृदयाच्या रक्तवाहिनीला आकडी येणं, तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येणं, अशा तिच्याही तक्रारी लिहिल्या जाऊ लागल्या आहेत. त्या लिहिल्या जात आहेत याचं मला समाधान आहे.

कारण या उपचाराचा हिशोब शेवटी पेशंटच्या सांगण्यावरच होतो. २०१९मध्ये छापलेल्या, २२०४ पेशंटांच्या मोठ्या अभ्यासात गोळ्यांच्या तुलनेत ॲब्लेशनने मृत्यू, पक्षाघात वगैरे गोष्टी ठामपणे कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. सुधारलं ते पेशंटचं रोजचं जगणं. बरं वाटावं यासाठीच जो उपचार आहे, त्यानंतर बरं वाटत नाही असं कुणी म्हणत असेल तर ते म्हणणं पट्टीइतकंच महत्त्वाचं मानून कागदावर आलं पाहिजे. मॅकेन्झीने ते शंभर वर्षांपूर्वी केलं.

पुण्या-मुंबईला ॲब्लेशन करून माणूस गावी परततो, आणि त्रास झाला की गावातल्या डॉक्टरकडे जातो. तिथे हातात असतं ते डिस्चार्ज कार्ड. म्हणून रुग्णालयांना माझी विनंती आहे: त्या कार्डाच्या मागे मराठीत दहा ओळी छापा. छातीतलं टोचणं, पोट फुगणं, चढी नाडी, पहिल्या दोन-तीन महिन्यांतली थरथर, हे होऊ शकतं आणि बहुधा ओसरतं, एवढं लिहिलं तरी किती रात्री शांत जातील.

आणि त्या दहांतली एक ओळ ठळक छापा. ती मी इथेच लिहून ठेवते. डाव्या कप्प्याच्या पाठीमागची अन्ननलिका भाजून तिच्यात आणि हृदयात भोक पडू शकतं. २००४मध्ये हे पहिल्यांदा ठळकपणे नोंदवलं गेलं. हजारात एकाहूनही कमी जणांना होतं, पण वेळेवर ओळखलं नाही तर माणूस वाचत नाही. ॲब्लेशननंतर दोन महिन्यांच्या आत ताप आला, गिळताना दुखलं, छातीत नव्याने कळा आल्या, रक्ताची उलटी झाली किंवा हातपाय लुळे पडले, तर साधा ताप समजून गोळी घेऊ नका. हृदयाच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा, दारातच "ॲब्लेशन झालंय" म्हणून सांगा, आणि छातीचा सीटी स्कॅन झाल्याशिवाय घशातून दुर्बीण घालू देऊ नका. तिच्यातून सोडलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाते.